ग्रिगोरेकाकांच्या पाण्यात फेस मरतो

आमच्या प्राहोवा जिल्ह्यात तेलाची विहीर कुठंही असते, परसात काय, कोबीच्या वाफ्याला लागून काय. ग्रिगोरेकाकांची विहीर चर्चच्या मागे होती आणि ती अखेरच्या घटका मोजत होती. आम्ही खाली वायू सोडायचो, पण तो लबाड, खडकातल्या रुंद वाटांनी सटकायचा. तेल बारीक भेगांत तसंच चिकटून राहायचं. मला त्या रुंद वाटा फेसानं बुजवायच्या होत्या, म्हणजे वायूला झक मारत भेगांत शिरून तेल ढकलावं लागलं असतं.

तेल कंपनीच्या कचेरीनं मला एकच अट घातली होती. याच विहिरीतून तेलासोबत येणाऱ्या पाण्यातला फेस प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत टिकला तर प्रयोगाला परवानगी, नाहीतर सोमवारी विहिरीत सिमेंट ओतून ती बंद. सिमेंट पडलं की काकांची मिळकत संपणार आणि त्यांना मुलाकडे परदेशी, तोरिनोला जावं लागणार होतं. "चौथ्या मजल्यावर बसून मी करू काय, कबुतरं हाकू?" असं ते येईल त्याला विचारत.

आणि फेस काही टिकेना. काकांनी आणलेल्या पाण्यात आमचं रसायन घालून हलवलं की तो वर यायचा आणि डोळ्यांदेखत बसायचा. नळाच्या पाण्यात टिकायचा. शेजारच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यातही टिकायचा. मग याच पाण्यात असं होतं तरी काय? मला चैन पडेना. शेवटी मी सरळ बाटलीत नाक खुपसलं. आलुबुखाराच्या दारूचा वास!

तडक काकांचं घर गाठलं.

"काका, बाटली कशानं धुतलीत?"

"त्सुइकानं! आणखी कशानं धुतात? तुझं काम म्हणून घरची, दोनदा गाळलेली काढली."

"आणि मी दिलेला डबा?"

"तो कळकट? त्यात कोंबड्या पाणी पितात."

"बरं, धुतल्यावर दारू ओतून तरी टाकलीत?"

"घोटभर राहिली तळाशी. टाकवेना गं, ओतिलिया. टाकायची वस्तू आहे का ती?"

"अहो, दारूनं फेस मरतो!"

मला वाटलं, हसतील. ते पायरीवर बसले, टोपी काढली. "म्हणजे मीच माझ्या विहिरीचा गळा दाबत होतो," म्हणाले. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

गाडीतला कोरा डबा घेऊन आम्ही दोघं विहिरीवर गेलो. काका प्रयोगशाळेतही आले. दिवसभर ते फेसासमोर बसून राहिले, मला जोरात बोलू देईनात. संध्याकाळी फेस होता तिथंच होता. मी कचेरीला फोन केला आणि परवानगी मिळाली.

"आता तेल येईल ना?" काकांनी विचारलं.

"ते खरंच माहीत नाही, काका. पण सोमवारी सिमेंट येणार नाही."

"मग पोराला सांगतो," ते उठत म्हणाले, "माझ्या खोलीला रंग देऊ नकोस."