नामी

गावच्या नाटकात बाईचं काम मीच करायचो. दिवसभर मिठागरात उन्हात राबणारा माणूस पदर घेऊन उभा राहिला की लोक शिट्ट्या मारायचे, आणि खेळ संपला की म्हणायचे, "नामा, उतरव आता ती कापडं." याचा मला राग यायचा. लगेच उतरवायचीच असतील तर नेसायची कशाला?

मला एकदाच, कुणी टाळ्या न वाजवता, लुगडं नेसून चार माणसांत बसून जेवायचं होतं. आणि तेही धर्माशेजारी. धर्मा माझ्याबरोबर मिठागरात आणि मीठ वाहणाऱ्या मचव्यावर असायचा. तो मला आवडायचा, हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. त्याला ते कळलं होतं की नाही, देव जाणे. एकतीस साली शिमग्यानंतर त्याचं लग्न ठरलं, खाडीपलीकडच्या मैनेशी. तेव्हा मी धीर करून ती जेवणाची इच्छा त्याला सांगितली. तो बराच वेळ दोर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "अलिबागला जाऊ. आपल्याला तिथं कोन वळखतंय?"

अलिबागला मीठ उतरवलं आणि मचव्यातच मी लुगडं नेसलो, बांगड्या भरल्या, कुंकू लावलं. दाढी दोनदा घोटली होती. बाजारातून धर्मा पुढे आणि मी मान खाली घालून मागे. एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, सरक जरा," आणि मी हरखून गेलो. पण पकडलो गेलो असतो तर लोकांनी भर बाजारात लुगडं फेडलं असतं आणि गावानं दोघांनाही वाळीत टाकलं असतं. धर्माचं लग्नही मोडलं असतं.

कृष्णाबाईच्या खानावळीत आम्हाला कोपऱ्यातलं बाक मिळालं. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. नाटकातलं जेवण खोटं असतं, रिकाम्या ताटात हात फिरवायचा. इथे खरं कालवण मनगटावरून बांगड्यांपर्यंत ओघळत होतं. शेजारच्या दुकानातून प्यायला माडीही आणली होती. आमच्याकडच्या बायका माडी घेतात, त्यात कुणाला नवल नाही. एक पेला संपला, तसा धर्मा दुसरा आणायला उठला.

तो बाहेर गेला आणि पलीकडच्या बाकावर जेवणारा एक हवालदार माझ्यासमोर येऊन बसला.

"एकटीच काय गं? कुठल्या गावची?"

मी पदर पुढे ओढला. तो वाकून चेहरा बघू लागला. इतक्यात दारात धर्मा दिसला, हातात पेला घेऊन भलतीकडेच बघत होता. मी घाबरलो आणि रोजच्या सवयीनं हाक मारली.

"धर्मा, इकडं!"

आवाज बाईचाच निघाला, तिथे मी चुकलो नाही. चुकलो ते वेगळंच. खानावळीतले सगळे हात ताटातच थांबले. नवऱ्याला नावानं हाक मारणारी बायको त्या काळी कुणी पाहिली होती?

"वाटलंच मला," हवालदार म्हणाला. "लग्नाची नव्हे ही. पळवून आणलेली दिसते. उठा, चौकीवर चला दोघं."

कृष्णाबाई डाव घेऊनच चुलीपासून आली. "माज्या खानावळीत असली थेरं चालायची न्हाईत. लग्नाची हायस ना? मग रीतीनं नाव घे."

नाटकात मी पुष्कळ उखाणे घेतले होते, लोक हसावेत म्हणून. त्यातला एक आठवेल तर शपथ. ताटातल्या मिठाकडे नजर गेली आणि आपोआप तोंडातून आलं:

"भरतीचं पाणी कोंडलं, उन्हात झालं मीठ,
धर्मारावांचं नाव घेते, लागू नये दीठ."

कुणी हसलं नाही. खोटं बोलायला म्हणून तोंड उघडलं होतं आणि जन्मात बोललो नव्हतो इतकं खरं बोलून बसलो होतो. धर्मा माझ्याकडे बघतच राहिला.

"आता तू घे," कृष्णाबाई त्याला म्हणाली.

"हां, घे," हवालदार म्हणाला. "बायकोचं नाव ठाऊक असलं तर."

आम्ही किती शहाणे! लुगडं ठरवलं, बांगड्या ठरवल्या, नावच ठरवलं नव्हतं. तो मैना म्हणेल असं मला वाटलं. तेच नाव त्याच्या ओठावर तयार असणार, आणि सुटकेला तेवढं पुरेसं होतं. मी मान खाली घातली, कारण ते मला ऐकवलं नसतं.

धर्माला उखाणा कुठला येणार. तो सरळ म्हणाला, "नामी. माजी बायको, नामी."

हवालदारानं दोघांकडे एकदा पाहिलं आणि तो उठून आपल्या ताटाकडे गेला. कृष्णाबाईनं दृष्ट काढायला चिमूटभर मीठ आमच्यावरून ओवाळून चुलीत टाकलं. ते तडतडलं. "लय दीठ व्हती बाय," असं म्हणून तीही कामाला लागली.

लोक पुन्हा जेवू लागले. धर्मा माझ्याशेजारी बसला आणि त्यानं पेला माझ्याकडे सरकवला. आता आमच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तो हळूच म्हणाला, "भ्यालीस काय?"

"व्हय," मी म्हणाले. "लय भ्याले."