मंगळवारची भाकरी

माधवीनं रविवारी एका बैठकीत महिनाभराच्या पोस्टी फोनमध्ये भरून ठेवल्या. रोज सकाळी सहाला तिच्या सासूच्या, बाळाबाईच्या भाकरीचा फोटो आपोआप झळकणार आणि बेळगावातले ऑफिसवाले दुपारच्या डब्यासाठी ऑर्डर देणार. तिथल्याच शहापुरातल्या दुकानातली नोकरी सोडून तिनं हा धंदा मांडला होता. आता महिनाभर घोर नाही, असं तिला वाटलं. माणूस निर्धास्त झाला की चूक दारात येऊन उभी राहतेच.

सोमवारी संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगणं झालं: उद्यापासून पाच मंगळवार देवीचे वार. वाराच्या दिवशी शेतात पाऊल नाही, गिरण बंद, चुलीवर तवा नाही. माधवीनं ऐकलं, हात जोडले आणि पोस्ट साफ विसरली. फोनच्या कॅलेंडरात सरकारी सुट्ट्या सगळ्या होत्या, पण गावचे वार त्याला कोण सांगणार?

मंगळवारी सातच्या आत अठरा ऑर्डरी. माधवी फोन घेऊन सासूकडे धावली.

"आत्या, पहिल्याच महिन्यात शब्द मोडला तर गिऱ्हाईक टिकायचं न्हाय. मला परत दुकानात उभं ऱ्हावं लागंल."

"तवा चढणार न्हाय," बाळाबाई म्हणाली.

"मग पीठ संपलं म्हणून कळवू?"

"वाराच्या दिवशी खोटं बोलतीस व्हय गं? आण तो फोन."

माधवी नंबर लावत गेली आणि बाळाबाई प्रत्येकाला तेच सांगत गेली. "मी भाकरीवाली बाळाबाई. आज आमच्या गावात वार हाय, तवा चढत न्हाय. चुकलं आमचं. पर उपाशी ऱ्हाऊ नको बाळा, कायतर खाऊन घे."

एकानं फटकन फोन ठेवला. बाकीच्यांनी उद्याच्या भाकरी सांगितल्या. शेवटचा फोन बँकेतल्या सौम्याला.

"आई गेल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं मावशी," ती म्हणाली. "उद्या दोन भाकरी ठेवा."

माधवीचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच उरलेल्या चारही मंगळवारच्या पोस्टी पुसल्या.

"झालं आत्या. आता मंगळवारी कुणालाबी फोन करायला नको."

"त्या सौम्याला लावून दे तेवढा," बाळाबाई म्हणाली. "मंगळवारी ती काय खाती, इचारायला पायजे."