पदराला धरलेली मूठ

तान्ह्या नंदीशला उचललं, की श्रीदेवीला खालून कुणीतरी ओढायचं. दुखायचं नाही, नुसती ओढ. जत्रेत दमलेलं पोर आईच्या पदराला लोंबकळतं ना, तशी. पण पदर जणू ओटीपोटाच्या आतला. दिवस कलला की मूठ जड व्हायची.

तीन महिन्यांमागं चिमटा लावून बाळंत झाली, तेव्हापासूनचं हे. लाजत लाजत तिनं सासूला सांगितलं. महानंदाबाई भाकरी थापत होत्या. हात परातीतच थांबला.

"उचलताना ओढती? आन् आडवं झालं की सोडती?"

"व्हय, आत्याबाई. तुमाला कसं ठावं?"

"नीलम्मा हाय ती," शेजारीण आल्याचं सांगावं तशा त्या म्हणाल्या. "माजी लेक. दुसऱ्या लेकराला उचलल्यालं तिला बघवत न्हाय."

नीलम्मा चार वर्षांची असताना भूकंपात जुन्या सास्तूर गावाच्या ढिगाऱ्याखाली गेली. पुढं तीन महिन्यांनी पत्र्याच्या शेडात, दोन दिवस कळा सोसून, महानंदाबाईंना शिवकुमार झाला. तोच आता श्रीदेवीचा नवरा. त्या बाळंतपणापासून ती मूठ त्यांच्याही पोटात होती. दर अमावास्येला त्या जुन्या गावठाणातल्या दगडांत मूठभर चुरमुरे आणि इवलीशी बांगडी ठेवून यायच्या. तूर निवडताना गुणगुणायच्या:

*भुईच्या गं पोटामंदी, चिमणी माझी निजली,*
*पदर गं धरूनिया, माझ्यासंगं चालली.*

आधी श्रीदेवीला ती ओवी गोड वाटायची. आता कान झाकून घ्यावेसे वाटायचे. तिनं बाळाला उचलणंच सोडलं. नंदीश झोळीत रडायचा, ती शेजारी बसून झोळीची दोरी तेवढी हलवायची. म्हणजे जन्मभर आपलं लेकरू आपल्याला उचलता यायचं नाही?

"मला धाराशिवला दाखवा," एक दिवस तिनं शिवकुमारला सांगितलं.

"म्या येते संगं," महानंदाबाई उठल्या. "परक्या जागी ती बिचकती."

ती म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टर हुमेरांच्या खोलीत भर दुपारी अंधार होता. श्रीदेवीला झोपवून त्यांनी सोनोग्राफी सुरू केली. पडद्यावर राखाडी ढग हलू लागले.

"हा स्नायू बघा. झोळीसारखा सगळं खालून तोलून धरतो. उजवीकडं हाडाला पक्का आहे. आता खाली जोर द्या."

तिनं जोर दिला. डाव्या बाजूला एक काळी फट संथपणे उघडली.

"इथं हाडापासून सुटलाय. बाळंतपणातच फाटला. तुम्हाला जाणवते ती ओढ हीच."

महानंदाबाई पडद्याला नाक लावून बघत होत्या. "त्या अंधारात कुणी हाय का?"

"कोण असणार, आजी?" डॉक्टर हसल्या.

श्रीदेवी हसली नाही. "आत्याबाई, तुमीबी दाखवा. तुमचंबी तसंच हाय न्हवं?"

बराच वेळ नको-नको करून त्या आडव्या झाल्या. पुन्हा राखाडी ढग, पुन्हा डावीकडं तीच फट. फक्त जास्त रुंद. पूर येऊन गेलेल्या ओढ्यासारखी. डॉक्टरांचं हसू विरलं.

"एवढी वर्षं कसं सोसलंत?"

"सोसलं न्हाय," म्हातारी म्हणाली. "सांभाळलं."

डॉक्टरांनी व्यायाम शिकवला. आतून आधार देणारी रिंग श्रीदेवीला बसवली आणि दुसरी हातात घेऊन त्या महानंदाबाईंकडं वळल्या.

"ही बसवल्यावं ओढ जाईल?"

"बरीचशी जाईल."

"मंग नगं."

"आत्याबाई!"

"तुजी गेली, ब्येस झालं. तुला तुजं लेकरू हाय." त्यांनी पदर सावरला. "माज्याकडं तेवढीच हाय."

श्रीदेवीनं श्वास रोखून बाकावर निजलेल्या नंदीशला उचललं. मूठ नव्हती. नुसतं बाळाचं वजन, ऊबदार, खांद्यावर. रडू आवरत ती बाहेर पडली आणि तिनं मागं वळून पाहिलं.

महानंदाबाई उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. आपोआप मिटणारं ते दार त्यांनी हातानं धरून ठेवलं होतं, आणि त्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर बघत होत्या. चार चिमुकल्या पावलांइतका वेळ गेला. मग त्यांनी दार सोडलं.