अर्ध्या बोटाचे जाळे

तलावाकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जाळी विणणाऱ्या त्या विधवा बाईच्या भिंतीवर लाकडाच्या सात पट्ट्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एका जातीच्या माशाचे माप. त्या रुंदीवर गाठ मारली की मोठा मासा सापडतो व पिल्लू सुटून जाते, हे शास्त्र तिला सासऱ्यांनी शिकवले होते. तथापि गेली सहा वर्षे त्यांपैकी पाच पट्ट्यांवर केवळ धूळ साचत होती. मच्छीमार संस्थेने बाहेरून आणून सोडलेल्या दांडग्या माशाने पाच जाती गिळंकृत केल्या होत्या. उरलेल्या दोन काठच्या लव्हाळ्यांत जीव मुठीत धरून होत्या, कारण त्या दाटीत दांडग्याचे अंग शिरत नसे.

त्या सकाळी तिचा धाकटा दीर, जो संस्थेचा अध्यक्षही होता, एक ओले जाळे तिच्यापुढे टाकून म्हणाला, "वहिनी, दोन ठिकाणी फाटलंय. दुपारपर्यंत सांधून द्या."

ते तिनेच विणलेले होते. पिल्लांच्या हौदावर पक्ष्यांपासून आच्छादन हवे, असे त्याने सांगितले म्हणून तिने अर्ध्या बोटाची आठवी पट्टी मुद्दाम तासून घेतली होती. आता तिने जाळे उलगडून पाहिले. गाठीगाठीत नखाएवढी पिल्ले अडकून मेली होती आणि त्यांच्याभोवती लव्हाळ्याचे हिरवे तुकडे होते.

"भावजी, हौदात लव्हाळी कधीपासून उगवायला लागली?"

दीर ओशाळून हसला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? तलावातल्या पिंजऱ्यांत संस्थेनं पाळलेल्या दांडग्यांना खाद्य पुरत नाही. ही चिल्लीपिल्ली तशीही कोण विकत घेतं?"

"म्हणून शेवटची दोन कुळं त्याच्या घशात घालताय? आणि तीही माझ्या हातून?"

"अहो, त्याच्यावरच आपली चूल पेटते!"

"चूल मला शिकवू नका! शेवाळ खाणारे मासे संपले, म्हणून पाण्यावर ही हिरवी साय आली. बगळे गेले, पाणमांजर गेलं. अध्यक्ष झालात तेव्हा डोळे काय घरी ठेवून आलात?"

"जीभ आवरा, वहिनी. सांधताय की नाही?"

तिच्या मस्तकात संतापाचा डोंब उसळला. दिराचा संताप तर होताच, परंतु त्याहून अधिक स्वतःच्या त्या आज्ञाधारक बोटांचा होता. तिने कात्री उचलली आणि जाळे मधोमध चिरले.

"अहो, वेड लागलं का? इतकी बारीक गाठ इथं दुसऱ्या कुणाला येत नाही!"

"ठाऊक आहे. म्हणूनच कापतेय."

"मी कारखान्यातून मागवीन!"

"मागवा ना. यायला महिना लागेल. तोवर लव्हाळ्यातली अंडी एकदा तरी फुटतील, आणि हे जाळं कशासाठी होतं ते मी दारोदार सांगून येईन."

त्याने धावून जाळ्याचे टोक पकडले व जोराने खेचले.

"हां, असंच घट्ट धरा, भावजी," ती म्हणाली. "ताणलं की कापायला सोपं जातं."

चटका बसावा तसे त्याने टोक सोडले. तिने ते पायाने स्वतःकडे ओढले आणि पुढे कापीत राहिली.