कबुलीचा सोमवार

"मूल्यं माणसाच्या रक्तात असावी लागतात, भिंतीवर नव्हे," असं साहेबराव फराटे अत्यंत गंभीर आवाजात म्हणाले, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून भिंतीवर मूल्यं ठोकत होते. तोंडात दोन खिळे असल्यामुळे वाक्य जरा अडखळत बाहेर पडलं, एवढंच.

साहेबराव हे त्यांचं नाव. हुद्दा नंतर जुळून आला. रांजणगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं काढून, फिटरचे सुपरवायझर होऊन, त्यांनी शिरूरला खताच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर कन्सल्टिंग कंपनी काढली होती. आसपासच्या कारखान्यांची आणि दूध केंद्रांची सुरक्षेची तपासणी करायची आणि रिपोर्ट द्यायचा, हा धंदा. खालून खताचा वास वर यायचा, वरून सल्ला खाली जायचा.

भिंतीवरची मूल्यं पाच होती. पहिली चार सगळ्याच कंपन्यांत असतात तीच असल्यामुळे कुणी वाचली नाहीत. पाचवं साहेबांचं स्वतःचं होतं : 'चूक लपवू नका, सांगा.' आणि ते पाटीवरच राहू नये म्हणून त्यांनी सोमवार लावून दिला. दर सोमवारी दहा वाजता टीमनं गोल करून बसायचं, प्रत्येकानं गेल्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. ज्याची कबुली सगळ्यांत मनापासूनची, त्याला फेटा. तयार शिवलेला, गुलाबी रंगाचा, एकच मापाचा. तो टीममधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर यायचा, त्यामुळे ग्रुपवरच्या फोटोंत नक्की कुणाचा सन्मान झाला हे कपड्यांवरून ओळखावं लागे.

पहिले दोन महिने चुका खऱ्या होत्या. पण टीम तीन माणसांची, सोमवार दर आठवड्याला, आणि सांगण्यासारख्या चुका काही झाडाला लागत नाहीत.

"झाली का रे तुझी या आठवड्याची?" शुक्रवारी शितल रोहिदासला विचारायची.

"न्हाई अजून. जेवल्यावर करतो."

आणि जेवल्यावर तो खरोखरच एखाद्या गिऱ्हाइकाला फाईल न जोडता मेल पाठवायचा. सोमवारी ते सांगताना त्याचा गळा दाटून यायचा. शितल जास्त हुशार. ती चूक करण्यात वेळ घालवत नसे, नुसती कबूल करायची.

तिसरी सुरेखा गायकवाड. दौंडची, शिरूरला मावशीकडे राहणारी, आठ महिन्यांपूर्वी लागलेली. तिची सही असलेल्या पहिल्या रिपोर्टाची झेरॉक्स तिच्या वडिलांनी, चांगदेवांनी, घरी कपाटाच्या दारावर चिकटवली होती. पाहुण्यांना चहाआधी ती दाखवली जायची.

एप्रिलमध्ये सुरेखाकडून एक चूक झाली. तिला ती करायची नव्हती, म्हणून तर ती झाली.

भांडगावच्या एका दूध शीतकरण केंद्राची तपासणी होती. दूध गार करायला तिथं अमोनिया असतो. तो फुटून अंगावर आला तर माणसानं पळत जाऊन ज्याच्याखाली उभं राहायचं, तो सेफ्टी शॉवर मशीनच्या खोलीबाहेर असतो. साखळी ओढली की धो धो पाणी पडायला पाहिजे. सुरेखानं नळी बघितली, साखळी बघितली, हिरवी पाटी बघितली. पण शॉवरच्या बरोबर खाली एक मोटरसायकल लावलेली होती, नवं सीट कव्हर घातलेली. कुणाची तरी गाडी उगाच भिजवायची कशाला, म्हणून तिनं साखळी ओढली नाही आणि फॉर्मवर 'चालू' ला टिक केली. परत येताना न्हावऱ्यापाशी तिला ते आठवलं. आठवलं ते आठवलंच. रिपोर्ट तर ती सही करून तिथंच देऊन आली होती.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. मावशीच्या घरी ती हात धुवायला गेली की नळ उघडायची, पाणी येतंय ना बघायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. मावशी म्हणाली, "अगं, नळ हाय तो. येणारच की पाणी." त्यावर सुरेखानं मावशीकडे असं पाहिलं, की मावशीनंही एकदा उघडून बघितला.

सोमवारी तिनं सांगून टाकलं. शॉवर, मोटरसायकल, टिक, सगळं. ती थांबली. मग साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"याला म्हणतात मूल्य जगणं," ते म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या.

"साहेब, पण तो शॉवर..."

"आत्ता नको. क्षण बिघडतो." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर फेटा ठेवला.

"साहेब, तो खरंच बंद असला तर?" सुरेखा फेट्याच्या आतून म्हणाली.

"पुढच्या तपासणीत बघू की. ऑक्टोबरमध्ये आहेच. शितल, फोटो घे. सुरेखा, जरा हस."

खाली चहाच्या टपरीवर रोहिदास तिच्यावर घुश्शातच होता.

"एवढी मोठी चूक आणलीस व्हय! आता आमी फाईल जोडली न्हाई म्हणून सांगितलं तर कोण इचारणार? कुठून सुचली?"

"सुचली नाही रे. खरी आहे."

रोहिदासचा कप तोंडाजवळ थांबला. "खरी? आन् सोमवारी सांगितलीस?" त्यानं आजूबाजूला पाहिलं. "येडी का खुळी तू? सोमवारी खरी कोण सांगतं!"

मंगळवारी तिनं साहेबांना लेखी दिलं. साहेबांनी ते ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडलेली तीन चित्रं. बुधवारी तिनं भांडगावच्या मॅनेजरला, शंभू शितोळेला, फोन लावला.

"शॉवर चालू हाय, मॅडम," शितोळे म्हणाला.

"तुम्ही साखळी ओढून बघितली?"

"मी कशाला ओढू? रिपोर्टात लिवलंय की चालू म्हणून. फ्रेम केलीय आमी त्याची. खाली तुमचीच सही हाय."

आपल्याच सहीपुढे माणूस इतका लाचार कधी होत नसेल. दौंडला एक सही कपाटावर होती, भांडगावला एक फ्रेममध्ये, आणि दोन्ही ठिकाणची माणसं तिच्या भरवशावर निवांत होती. निवांत नव्हती ती सही करणारी. गुरुवारी सकाळी तिनं ऑफिसला सुट्टीचा मेसेज टाकला, मावशीची स्कूटी काढली आणि न्हावरा, चौफुला करत उन्हातान्हाची भांडगावला पोचली.

मशीनच्या खोलीबाहेर बबनराव बसले होते. मशीन चालवणारा माणूस, वय पंचावन्नच्या पुढं. मोटरसायकल त्यांचीच निघाली.

"मामा, जरा गाडी काढता का? मला साखळी ओढायचीय."

"वढा की," गाडी बाजूला घेत बबनराव म्हणाले. "पर काय व्हनार न्हाई."

सुरेखानं ओढली. साखळी नुसती किणकिणली. वरून थोडा गंज पडला, आणि एक गांधीलमाशी चौकशीला बाहेर येऊन गेली.

"पाणी का येत नाही?"

"वरचा व्हॉल्व बंद केलाय नव्हं."

"कुणी?"

"म्या." बबनरावांना यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. "ठिबकत व्हता वो, ताई. समदं सीट भिजायचं. घरी जाताना ओलं व्हायचं मागनं, मानसं हसायची."

"अहो मामा, अमोनिया फुटला तर आधी तुमच्याच अंगावर येणार!"

"कवा फुटल तवा उघडू की."

सुरेखानं शिडी लावून व्हॉल्व फिरवून पाहिला. वर्षभर न हललेला व्हॉल्व हलला नाही. शितोळे ऑफिसातून धावत आला, म्हणाला, प्लंबर आठवड्यानं येईल, आणि रिपोर्ट ठीक असताना मशीन थांबवायचं कारण काय? तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, शॉवर बंद आहे. रिपोर्ट मागं घ्या."

साहेब म्हणाले, "सुट्टीवर आहेस ना तू? सोमवारी बोलू सविस्तर."

"सोमवारपर्यंत बबनराव मामा इथंच उभे राहणार आहेत, साहेब."

फोन ठेवून ती शिडीच्या पायरीवर बसली आणि मोबाईलवर मेल लिहिला. शितोळेला, त्याच्या मालकांना आणि साहेबांना. चार ओळी : शॉवर मी तपासला नव्हता. तरी चालू लिहिलं. आज तपासला, तो बंद आहे. माझ्या सहीचा रिपोर्ट रद्द समजावा. नोकरी जाणार हे तिला पाठवतानाच कळत होतं. दौंडला कपाटाच्या दारावर कागदाच्या मापाचा चौकोन उरेल, तोही कळत होता. अंगठा दोनदा मागं आला. तिसऱ्यांदा तिनं बटण दाबलं, आणि या आठ-दहा दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली.

दीड तासानं साहेबांची गाडी आली. मागं रोहिदास आणि शितल. सुरेखा उठून उभी राहिली. शितोळे पुढं धावला.

"बघा साहेब, तुमच्याच मानसानं तुमचाच रिपोर्ट खोटा ठरवला! मालक भडकलेत. फुडच्या वर्षी दुसरी पार्टी बघतो म्हनले."

साहेबांनी सुरेखाकडे पाहिलं. मग वर शॉवरकडे. मग बबनरावांकडे, जे कुतूहलानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होते. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "पाना आहे का? अठराचा."

कारखान्यात बावीस वर्षं काढलेला फिटर शिडीवर चढला. रोहिदासनं शिडी धरली, तीही कुणी न सांगता. साहेबांनी व्हॉल्वला आधी रॉकेल पाजलं, मग शिव्या, त्याही मूल्यांच्या पाटीवर अजिबात न बसणाऱ्या. चौथ्या हिसक्याला व्हॉल्व फिरला.

"ओढ, सुरेखा!"

तिनं साखळी ओढली. आधी लाल पाणी, मग पिवळं, आणि मग पत्र्यावरच्या टाकीतलं, उन्हानं कोमट झालेलं, स्वच्छ, भरघोस पाणी कोसळलं. बबनराव बरोबर खालीच उभे होते. ते हलले नाहीत.

साहेब भिजलेले खाली उतरले. "तो जुना रिपोर्ट खोटा होता," ते शितोळेला म्हणाले. "फ्रेम खाली घ्या. नवा सुरेखा लिहील, आजच्या तारखेचा. त्यावर तिच्यासोबत माझी सही असेल. पुढच्या वर्षी तुम्ही कुणाला बोलवायचं ते बघा."

शितलनं मोबाईल खिशातून काढला होता, तो परत ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुरेखा साखळी ओढूनच उभी राहिली. साहेबांनी ओले केस मागं सारले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला.

"आज मला कळलं," त्यांनी सुरुवात केली, "की जी कंपनी आपली चूक उघड्यावर आणून, सगळ्यांच्या देखत, स्वच्छ..."

"ताई," पाण्याखालून बबनराव म्हणाले. सदरा त्यांनी केव्हाच उतरवून खांद्यावर टाकला होता. "साखळी सोडू नगा एवढ्यात. आन् तुमच्यापैकी कुनाकडं साबण हाय का बघा."