पडद्याबाहेरचा मासा

बाबा टीव्ही दुरुस्त करायचे आणि फावल्या वेळात आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचे. ते गेल्यावर आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: "तो मासा एकदा दाखव." अक्षरं जोडून काढलेला मासा पडद्यावरून सुळकन जायचा, एवढाच तो प्रोग्राम. मी पडले सॉफ्टवेअरवाली. म्हटलं, हातचा मळ आहे.

बाबांचा कॉम्प्युटर चालू होईना, म्हणून त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल मिळवलं. बाबांनी प्रोग्राम साठवलेली कॅसेट लावली, ती किंचाळली, प्रोग्राम चढला आणि पडदा कोरा.

"झोपला असेल," आई म्हणाली.

कोड वाचल्यावर उलगडा झाला. पडद्यावर काही छापायचं तर यंत्रात कायमचं बसवलेलं फर्मवेअर असतं. त्याला विनंती करायची, ते छापून देतं. मॉडेल बदललं तरी विनंती तीच चालते. बाबांनी फर्मवेअरला विचारलंच नव्हतं. पडद्याची मेमरी जिथे असते तिथे थेट हात घालून मासा लिहिला होता. नव्या मॉडेलात ती जागा बदललेली. म्हणजे मासा पोहत होता, फक्त जिथे पडदा नाही अशा ठिकाणी.

अशा वेळी माणसाला गहिवरून येतं म्हणतात. मी "बेशिस्त कोड" असं पुटपुटले आणि सगळं नव्याने लिहायला बसले: एकेका अक्षरासाठी फर्मवेअरला रीतसर विनंती. त्यात अख्खा रविवार गेला. मधेच वहिनीला फोन लावून विचारलं, आईला रात्री झोप लागते का. आई तेव्हा पलीकडे स्वयंपाकघरात होती.

संध्याकाळी मासा आला. आधी तोंड सरकलं, मग पोट, मग बऱ्याच विचाराअंती शेपूट.

"गुडघे दुखतात का याचे?" आईने विचारलं.

"अगं, हीच योग्य पद्धत आहे."

"असेल. तुझी पहिल्यापासून हीच. बाबांशी अबोला धरलास की निरोप माझ्याकडे. आता माझी चौकशी वहिनीकडे. तिने लगेच मला फोन केला, 'ताईंना काय सांगू' म्हणून."

मी माझी शिस्त पुसून टाकली, बाबांचा मूळ कोड पुन्हा चढवला आणि त्यातला पडद्याचा पत्ता तेवढा बदलला. एकच आकडा होता. सकाळीच बदलला असता तर रविवार वाचला असता.

मासा सुळकन गेला. एका कडेला नाहीसा झाला आणि दुसरीकडून, एक ओळ खाली, परत आला. आई खुर्ची ओढून जवळ बसली.

"आई, झोप लागते का तुला?"

"नाही लागत," ती म्हणाली. "सरक जरा. तुझं डोकं मधे येतंय."