डॉक्टरांचा बुडालेला भाऊ

धुकं इतकं दाट होतं, की हॉटेलच्या दारापासून सुरू झालेली रांग कुठं संपते तेच दिसत नव्हतं. पर्यटकांचा हंगाम सरला, की आमच्या डोंगरमाथ्यावरच्या गावात रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. त्या सकाळी मात्र अख्खं गाव स्वेटर चढवून ताटकळत उभं होतं, कारण हॉटेलच्या हॉलमध्ये न सांगता मनातलं ओळखणारे बुवा, 'अंतर्यामी', उतरले होते.

लॉन्ड्रीवाली ताई डोळे पुसतच बाहेर आली.

"डोळ्यांवर काळी पट्टी हो त्यांच्या! तरी म्हणाले, तुझे वडील बर्फात हरवले, गळ्यात तू विणलेला लाल मफलर होता. त्यांना कुणी सांगितलं असेल हे?"

रांगेत कुजबुज उठली. पुढच्यांनी आणखी पुढं रेटायला सुरुवात केली.

मी गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर सकाळी गप्पांचा कार्यक्रम करते. न्हावी, वाटाडे, हॉटेलातले आचारी, कुणीही येतं आणि घरचंदारचं बोलतं. गावाला त्याची इतकी सवय झालीय, की एखादा पाहुणा लाजायला लागला तर त्याची बायकोच फोन करून त्याला पुढं बोल म्हणते. असल्या बुवाबाजीचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. पण मी आधी गप्प बसले होते. लोक रडतायत, हलकं वाटतंय म्हणतायत, जाऊ दे म्हटलं.

मग माझी मावशी पडली.

मावशी बाजारपेठेच्या वरच्या अंगाला पर्यटकांना खोल्या भाड्यानं देते. बीपीचा जुना आजार. मी गेले तेव्हा ती जिन्याखाली बसली होती, तोंड वाकडं, शब्द जड. डॉक्टर धावत आले म्हणून निभावलं. गोळ्यांची पाकिटं कचऱ्याच्या डब्यात होती आणि उशाशी पाण्याची बाटली.

"हे काय आहे, मावशी?"

"लहरपाणी," ती अडखळत म्हणाली. "गोळ्यांनी लहरी अडतात म्हणाले अंतर्यामी."

डॉक्टरांनी बाटलीतलं पाणी हुंगलं. "नळाचं आहे," ते दात आवळून म्हणाले. "आणखी थोडा उशीर झाला असता, तर यांना चौघांच्या खांद्यावरूनच न्यावं लागलं असतं."

तेव्हा माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी मी रोपवेवाल्या काकांबरोबर हॉलमध्ये शिरले. दारात अंतर्यामीचा चेला टोकन देत होता. नाव, धंदा, घर, सगळं गोड आवाजात विचारून घेत होता. आत हीटर ढणढणत होते, माणसं घामेजली होती. व्यासपीठावर पांढऱ्या शालीत अंतर्यामी, डोळ्यांवर पट्टी आणि लोकरी टोपी कानांखाली ओढलेली.

"मी कुणाला विचारत नाही!" ते घुमत होते. "विश्व माझ्या कानात बोलतं! शरीर म्हणजे अँटेना. आजार म्हणजे खरखर! औषधांनी खरखर वाढते. माझं पाणी घ्या, स्टेशन आपोआप लागेल!"

रेडिओवर इतकी वर्षं काढून मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या केंद्राची खरखर घालवायला तंत्रज्ञ येतो. त्याऐवजी बाटलीभर पाणी ओतून पाहायला हवं होतं.

एका पर्यटकाला त्यांनी "तुझ्या लहरी आज बंद आहेत" म्हणून वाटेला लावलं. मग काका समोर गेले. अंतर्यामी क्षणभर थांबले, मान डोलावली.

"बर्फाचा कडा कोसळतोय. दोन जीव अडकलेत. तू त्यांना पाठीवर घेतलंस. उजवा गुडघा तेव्हा गेला ना, बाळा?"

हॉल हळहळला. काकांनी लंगडत जाऊन पायच धरले.

काकांच्या घरी ही हकिकत ऐकून काकूंचा चहा नाकातून आला.

"कसला कडा कोसळला? हे बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि ओल्या फरशीवर दाणकन आदळले! मीच उचललं यांना."

"पण काका, तुम्ही तर माझ्या कार्यक्रमात..."

"आता रेडिओवर काय स्टुलावरून पडलो म्हणून सांगू?" काका पुटपुटले.

मी कप खाली ठेवला. जगाच्या कानाकोपऱ्यातलं ज्याला ऐकू येतं, त्याला स्टूल ऐकू आलं नव्हतं. काकांनी माझ्यासमोर मारलेली थाप तेवढी ऐकू आली होती. लॉन्ड्रीवाल्या ताईचा मफलरही मी माझ्याच कार्यक्रमात ऐकला होता. आमचे सगळे जुने भाग केंद्राच्या वेबसाइटवर पाहुण्यांच्या नावानिशी पडलेले असतात. ज्याला हवं त्यानं ऐकावेत.

मी तशीच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना माझा बेत सांगितला.

"मी रेडिओवर खोटं बोलू?" डॉक्टर दचकले. "माझ्यावर विश्वास ठेवणारे पेशंट आहेत."

"म्हणूनच. आणि ते खोटं होतं हे आपणच सगळ्यांसमोर सांगायचं."

त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मावशींचं तोंड आठवलं की हात शिवशिवतात. चला."

दुसऱ्या सकाळी डॉक्टर माझ्या माइकसमोर बसले आणि लहानपणी नदीत बुडालेल्या आपल्या जुळ्या भावाबद्दल बोलले. आवाज नेमका दाटला. अर्ध्या गावानं डोळे पुसले. तो भागही रिवाजाप्रमाणे वेबसाइटवर चढला.

आणखी एक दिवस जाऊ दिला. मग डॉक्टर टोकन घेऊन व्यासपीठासमोर उभे राहिले. मागं मी, काकू आणि डॉक्टरांची म्हातारी आई.

अंतर्यामी थांबले, मान डोलावली.

"नदी दिसतेय... पूर आलाय. तुझ्याच चेहऱ्याचा एक मुलगा! तो विचारतोय, दादा, माझा हात का सोडलास?"

बायका हुंदके देऊ लागल्या.

"मला भाऊ नाही," डॉक्टर म्हणाले. "मी एकुलता एक. परवा रेडिओवर बोललो ते धादांत खोटं होतं. ते मी मुद्दाम, तुमच्यासाठी बोललो."

हुंदके देणाऱ्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. अंतर्यामीनं घसा खाकरला. "जन्माचं रहस्य आहे हे. तुझ्या आईनं तुझ्यापासून लपवलं!"

"अरे मेल्या!" आई काठी आपटत पुढं आल्या. "दोघं झाले असते तर मला कळलं नसतं होय? बाळंत मी झाले होते की तू?"

हशा पिकला. त्या गोंधळात काकू व्यासपीठावर चढल्या आणि त्यांनी टोपी खस्सकन ओढली. अंतर्यामीच्या कानात बोंडाएवढं यंत्र होतं. ते निसटून टेबलावरच्या माइकजवळ पडलं आणि हॉलभर चेल्याचा बारीक आवाज घुमला:

"पुढचा बेकरीवाला. बायको सोडून गेलीय. आधी भट्टीची आग सांगा, मग बायको."

बेकरीवाला रांगेत उभाच होता. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. टोकनं वाटून झाल्यावर शेजारच्या खोलीत जाऊन बसलेला चेला सापडला. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप आणि त्यावर आमच्याच केंद्राची वेबसाइट.

पोलीस दोघांना घेऊन गेले. पण लोक माझ्यावरही उखडले होते. दुसऱ्या सकाळी कार्यक्रमात पहिला फोन आला तो लॉन्ड्रीवाल्या ताईचा.

"वडिलांनी मला माफ केलं म्हणाला होता तो. तेवढंही ठेवलं नाही तुम्ही माझ्याकडं!"

कशाची माफी तिला हवी होती ते मला माहीत होतं. वडिलांशी भांडून ती त्या दिवशी घरात बसून राहिली होती. तेही तिनं माझ्यासमोरच सांगितलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "वडिलांना तुम्ही ओळखत होता. त्यानं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ते माफ करणारे होते की नव्हते, हे तुम्हीच सांगा."

पलीकडं तिनं नाक ओढलं. "भांडण त्यांच्या लक्षातही राहायचं नाही," ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मी गावाला सगळं उलगडून सांगितलं. दारात नाव विचारतात, शेजारच्या खोलीत ते शोधतात, टोपीखालच्या कानात सांगतात. एवढाच चमत्कार. तुमचं दुःख तुमच्याकडून चोरायचं आणि तुम्हालाच विकायचं. तेव्हा कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडायच्या आधी विचारा, तुला हे कुठून कळलं? तो चिडला तर समजा, प्रश्न वर्मी बसला. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी जो टाकून द्यायला सांगतो, तो कितीही गोड बोलो, त्याला घराबाहेर काढा.